सी ड्राइव्हची झाडलोट

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की माणूस आधी आपल्याच माणसांवर कुऱ्हाड चालवतो. भाच्याच्या मुंजीचे फोटो जातात, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ जातो. मोकळी झालेली जागा पुढच्या अपडेटला कशीबशी पुरते.

जागा अडवणारे आतच निवांत असतात. हायबरनेशनची फाइल साधारण रॅमच्या 40 टक्के जागा धरून बसते, मग तुम्ही संगणक कधी हायबरनेट करा वा ना करा. त्यात 2019पासून नव्या विंडोजमध्ये सुमारे 7 जीबी ‘राखीव’. एसटीत निदान खिडकीतून रुमाल तरी टाकता येतो!

डिस्क क्लीनअप हा विंडोज 98पासूनचा जुना झाडूवाला. 2018च्या एका आवृत्तीत त्याने डाउनलोड्सचा फोल्डरही कचऱ्याच्या यादीत घेतला. म्हणजे आपण जपून ठेवलेले ते कचरा आणि विंडोजने न विचारता आणून टाकलेले ते ‘सिस्टिम’. बरे, डिस्क एकच. पण संगणक जोडून देणाऱ्याने सी ड्राइव्हला चिंचोळी पट्टी दिलेली आणि डी, ई मात्र ऐसपैस, रिकामे. का, असे विचारले तर म्हणतो, “सगळ्यांना तसंच करून देतो, साहेब.”