तात्यांचं नवं-जुनं

आळेफाट्यापासून मंचरपर्यंत कुठल्याही गावात उतरा आणि पारावर बसलेल्यांना एवढंच विचारा, ‘‘कर्ज फेडायचं कुणी मनावर घेतलंय?’’ सगळी बोटं एकाच घराकडे वळतील. ते तात्यांचं घर. नाव कुठे अण्णा असेल, कुठे नाना, कुठे आबा, माणूस तोच. पन्नाशी ओलांडलेली, अडीच-तीन एकर बागायत, सोसायटीचं पीककर्ज, पतसंस्थेचं सोनेतारण, खताच्या दुकानात उधारी, मेव्हण्याचे हातउसने आणि खिशात एक छोटी वही. पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं : ‘यंदा सगळं नील.’ हे ‘यंदा’ कोणत्या सालातलं, ते कागद किती पिवळा पडलाय त्यावरून ओळखायचं.

तात्यांचा पहिला मोर्चा विजेच्या बिलावर. घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि त्याच्या पुढे जवळजवळ दुप्पट, हे कळलं त्या दिवसापासून मीटरला घरात वडीलधाऱ्याचा मान मिळाला. सकाळी काकू तुळशीला पाणी घालतात, तेव्हा तात्या मीटरपुढे उभे राहून आकडा उतरवतात. पंचवीस तारखेच्या आत नव्वदी गाठली की घरात आणीबाणी. मिक्सर बंद, पाटा-वरवंटा सुरू. इस्त्री बंद, कपडे घडी घालून गादीखाली. सूनबाईनं एकदा टीव्हीवर मालिकेचा शेवटचा भाग लावला, तर तात्या म्हणाले, ‘‘शेवट काय व्हायचा तो होईल. आपण बघितला नाही म्हणून थांबतोय का?’’

छापील बिल नको, ई-मेलवर पाठवा असं कळवलं की महावितरण बिलामागे दहा रुपये सोडतं. तात्यांनी ते सोडवून घेतले. पण बिल हातात धरल्याशिवाय आल्यासारखं वाटत नाही, म्हणून ते पोराला झेरॉक्सच्या दुकानात पाठवून प्रिंट काढून आणतात. प्रिंटचे दहा रुपये. बिल ऑनलाइन भरलं की पाव टक्का सूट. सहाशेच्या बिलावर दीड रुपया. हा दीड रुपया वहीत ‘इतर जमा’ या सदरात जातो.

अंगणातल्या दिव्यावरून मात्र काकूंशी दर महिन्याला वाजतं. आमचा भाग बिबट्यांचा. ऊस वाढला की त्यांची वस्ती उसातच. काकू म्हणतात, ‘‘अहो, रातचा एक बल्ब तरी राहू द्या. बिबट्या आला म्हंजी?’’ तात्यांचं उत्तर ठरलेलं : ‘‘त्याला उजेडात दिसतं आन् अंधारातही दिसतं. मग बिल आपण का भरायचं?’’

सिलिंडर लावल्याची तारीख खडूनं भिंतीवर. अंघोळीचं पाणी तुराट्यांवर. म्हशीचं दूध डेअरीला, घरात चहा कोरा. पाहुणा आला तरच दुधाचा, आणि पाहुणा ‘नको, नको’ म्हणाला तर तात्या आग्रह करत नाहीत.

नुसती बचत करून कर्ज फिटत नसतं, जोडउत्पन्न पाहिजे, हेही तात्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात आलेला प्रत्येक जोडधंदा त्यांच्या पडवीतून गेलाय. इमू आले. त्यांच्या अंड्यांना गिऱ्हाईक मिळेना, आणि शेवटचा पक्षी बिबट्यानं नेला तेव्हा पंचनाम्याला आलेल्यांना आधी इमू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. मग कडकनाथ आले. काळी कोंबडी, काळं मांस, आणि हिशेबही तसाच. २०१८ साली सरकारनं जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं, तेव्हा तात्यांनी ओझरकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘चुलीवरचं जेवण, राहण्याची सोय’ असा बोर्ड ठोकला. पहिल्याच पाहुण्यांनी पाच मोबाइल चार्जिंगला लावले आणि तात्यांनी त्यांच्या बिलात ‘युनिट’ असा वेगळा रकाना केला. ती मंडळी दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या चढली, पण तात्यांची पायरी पुन्हा चढली नाहीत.

टोमॅटोचं तर विचारूच नका. २०२३च्या उन्हाळ्यात भावातून तोडणीची मजुरीही सुटेना, म्हणून तात्यांनी उभा प्लॉट उपटून शेळ्यांना घातला. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटनं दोन हजारांचा आकडा ओलांडला. शेजारच्या वस्तीवर पेढे वाटले गेले. तात्यांनी त्याच आठवड्यात रोपं आणली. ती फळाला आली सप्टेंबरअखेर, तोवर भाव पार तळाला. तेव्हापासून गावातली जाणती मंडळी लागवडीआधी तात्यांना हमखास विचारतात, ‘‘तात्या, यंदा काय लावताय?’’ तात्यांना वाटतं सल्ला घेताहेत. मंडळी ऐकून घेतात आणि दुसरं काहीतरी लावतात.

या सगळ्याच्या मुळाशी जे कर्ज, त्याचा खरा सण मार्चअखेर. सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. म्हणून शेवटच्या आठवड्यात तात्यांची पळापळ. काकूंचं गंठण पतसंस्थेत, डेअरीकडून उचल, मेव्हण्याला फोन. तीस तारखेला सोसायटी नील! मग नवं वाटप झालं की तेच पैसे उचलून गंठण सोडवायचं, मेव्हण्याला परत द्यायचे. याला म्हणतात नवं-जुनं. कागदावर तात्या वर्षातले काही दिवस कर्जमुक्त असतात, आणि तेवढे दिवस पारावर त्यांचं बोलणं जिल्हा बँकेच्या संचालकासारखं असतं. काकूंचं म्हणणं वेगळं : ‘‘गंठण माझ्या अंगावर कमी आन् त्यांच्या तिजोरीत जास्त. लगीन नेमकं कुणाशी झालं तेच कळंना.’’

आपल्याच जिल्ह्यात सुप्याला १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज बाहेर काढून जाळले होते. कॉलेजात जाणाऱ्या पोरानं हे सांगून विचारलं, ‘‘तात्या, आपल्याकडं का नाही असं काही होत?’’ तात्या म्हणाले, ‘‘आता सगळे कागद कॉम्प्युटरमधी. ते बघायचं म्हटलं तरी लाइट जाळावी लागती.’’

कर्जमाफीनं तर तात्यांना कायमच हुलकावणी दिली. माफी थकबाकीदाराला, तात्या नवं-जुनं करून दर वर्षी नियमित. २०१९च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं आणि पुढे ते खात्यात जमाही झालं. त्या दिवशी घरात शिरा झाला. पण ते पैसे गेले कुठे, याची नोंद वहीत नाही. दीड रुपयाची आहे, पन्नास हजारांची नाही.

वहीत नसलेला तो खर्च मागच्या गोठ्यात उभा आहे. त्याचं नाव सोन्या. पांढराशुभ्र, शिंगं तासलेली, कपाळावर भंडारा. जुन्नर-आंबेगावात माणसाचा बंगला किती मजली यापेक्षा त्याचा बैल शर्यतीच्या घाटात कितव्या नंबरात पळतो, हे आधी विचारतात. ज्या घरात चहाला दूध नाही, त्या घरात सोन्याला दोन्ही वेळचं दूध, उडदाची डाळ, खारीक आणि गावठी अंडी. त्याच्या डोक्यावर पंखा. आणि गोठ्यात रात्रभर दिवा! बिबट्याच्या नजरेचा सिद्धांत तिथे लागू नाही. काकूंनी एकदा विचारलं, तर तात्या खरोखर चकित झाले. ‘‘अगं, तिथं बैल असतो!’’

आर्थिक बाजू विचारलीच तर तात्या बैलगाड्याला जोडधंदा म्हणतात. यात्रेत पहिला नंबर आला की मोटारसायकल. एकदा आलीसुद्धा. गाडा चौघांच्या भागीदारीत, त्यामुळे वाट्याला आलं अर्धं चाक. टेम्पोचं भाडं, पोरांचं जेवण आणि उधळलेला भंडारा वजा जाता त्या अर्ध्या चाकातली हवाही गेली. पण थापलिंगाच्या घाटात ‘भिर्रर्र’ची आरोळी उठते, घोडी पुढे सुटते आणि दहा-बारा सेकंदांत बारी पार होते, तेव्हा युनिटं मोजणारे तात्या टोपी हवेत फेकून देतात. ती शोधायलाही जात नाहीत. नवी घेतात.

याला शौक म्हणून मोकळं व्हावं, तर मधली वर्षं आठवतात. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली आणि ती उठायला डिसेंबर २०२१ उजाडला. घाटात गवत वाढलं. पुष्कळांनी बैल विकले. तात्यांनी सात वर्षं, एकही बारी नसताना, अंडी चालू ठेवली. काकू म्हणायच्या, ‘‘न पळणाऱ्या बैलाला खारीक कशाला?’’ तात्या म्हणायचे, ‘‘निकाल काय, कधीबी लागंल. तयारी नको?’’ सोन्याच्या आधीचा बैल त्या बंदीतच म्हातारा झाला, गोठ्यातच गेला. तरी तात्या तारखांवर लक्ष ठेवून होते. कर्जाचे हप्ते मोजणारा आणि हा, एकच माणूस. किंबहुना हा नसता तर तो हप्ते मोजणारा कधीच दमून बसला असता.

कर्ज फेडलं ते काकूंनी. त्या बचत गटाच्या सचिव. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे. हिवाळ्यात जवसाची, कारळ्याची चटणी. निम्मं जुन्नर-आंबेगाव मुंबईत नोकरीधंद्याला आणि त्यांच्या जिभा अजून गावाकडे, त्यामुळे एसटीतून डबे जात राहिले. गावी आलेल्या चाकरमान्यांच्या हाती पैसे येत राहिले. कुठे बोर्ड नाही, लाल शाई नाही. यंदाच्या मार्चमध्ये तात्या गंठण न्यायला आले तेव्हा काकूंनी पिशवीतून पैसे काढून पुढे ठेवले. आधी पतसंस्था, मग मेव्हणा, मग सोसायटी. एप्रिलमध्ये नवं काही उचललं नाही. जुनं गेलं ते गेलंच.

सोसायटीच्या सचिवानं बेबाकी दाखला हातात दिला, तेव्हा तात्यांनी तो उलटा करून मागेही काही लिहिलंय का ते पाहिलं. घरी येऊन काकूंनी एकच मागणी केली : वही. त्यांनी नवं पान काढलं, गोठ्यात गेल्या, सोन्याचं दूध, अंडी, डाळ, खारीक, पंखा, दिवा, सगळं एकाखाली एक मांडलं, बेरीज केली आणि वही तात्यांपुढे सरकवली.

तात्यांनी चष्मा लावला. आकडा दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मान हलवून म्हणाले, ‘‘खर्च जास्त हाये खरा. फ्रिज बंद केला तर बसंल.’’