तुळशीराममामाचं सुतक

रेडिंग,
18 जानेवारी

ती. आप्पा व सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. सामानही पोचलं. आईनं दिलेल्या बिबड्यांचा मात्र वाटेत पार चुरा झाला. आता तो आमटीवर भुरभुरून खातो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण दोन मिनिटं झाली की तुम्ही "ठेव आता, बिल वाढतंय" म्हणता. (बिल येत नाही, हे दहा वर्षं सांगतोय.) शिवाय प्रकरण जरा नाजूक आहे आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात, म्हणून कागद घेतला.

बापूकाकांची गाडी काढून तुम्ही आम्हाला नद्या नि लढाया दाखवत फिरवलंत, ते ओजसच्या डोक्यात पक्कं बसलंय. सूनबाईच्याही बसलंय, पण वेगळ्या तऱ्हेनं. ती पडली सांगलीची. नदी म्हणजे कृष्णा, घाट आणि पायाला लागणारं पाणी. अमळनेरला सखाराम महाराजांच्या समाधीपाशी तिनं विचारलं, "बोरी नदी कुठून दिसेल?" तुम्ही म्हणालात, "तू उभी आहेस, तीच." हे तिनं इथल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून झालंय. मी म्हणतो, जिच्या पात्रात समाधी, वैशाखातली यात्रा आणि उरलेल्या वेळात पोरांचं क्रिकेट एवढं मावतं, ती नदी कृष्णेपेक्षा जास्त कामाची. तिला पटत नाही.

मुडावदला मात्र ती गप्प झाली. कपिलेश्वरापाशी पांझरा येऊन तापीला मिळते तिथं पाण्याकडे बघत बसली, निघायचं नाव काढेना. मुलताईहून निघालेली तापी 724 किलोमीटर उलटी, म्हणजे पश्चिमेला, कशी जाते हे तुम्ही सांगत होतात. तेवढ्यात ओजस म्हणाला, "आमच्याकडे पण संगम आहे, केनेट थेम्सला मिळते." तुम्ही लगेच विचारलंत, "तिथं अस्थी सोडतात का?" तो म्हणाला, "नाही, बदकं असतात." त्यावर तुम्ही जी मान हलवलीत, तिचा अर्थ तो अजून मला विचारतो.

आता थाळनेर. मागच्या उन्हाळ्यात आम्ही ससेक्समध्ये 1066 सालच्या लढाईचं मैदान बघायला गेलो होतो. तिकीट काढलं, कानाला यंत्र लावलं आणि तासभर गवताचा एक उतार पाहिला. हॅरल्ड राजा पडला म्हणतात तिथं दगड बसवलाय. नंतर चहा. त्यामुळे थाळनेरला उतरल्या उतरल्या ओजसनं तिकिटाची खिडकी शोधली. तिथं शेळ्या राखणारे एक बाबा होते. त्यांनी आपल्यालाच विचारलं, "आठे काय शे देखाले?" आणि मग तेच तासभर दाखवत फिरले. फारुकी राजांच्या कबरी, त्यातली ती आठकोनी नक्षीची, मग तापीच्या काठावरचे ढासळते बुरूज. मलिक राजाची राजधानी होती ही, हे सांगताना त्यांचा आवाज तुमच्यापेक्षाही चढला होता, आणि तुम्हाला ते फारसं आवडलं नव्हतं.

म्हणूनच की काय, बुरुजाखाली बसून तुम्ही बाभळीच्या काडीनं मातीत एकामागं एक दरवाजे आखलेत. 27 फेब्रुवारी 1818. तुमच्या चपला म्हणजे सर थॉमस हिस्लॉपच्या तोफा. ओजसची पाण्याची बाटली म्हणजे होळकरांचा किल्लेदार तुळशीराममामा. होळकरांनी जानेवारीत मंदसोरला तह करून खानदेश इंग्रजांना दिला होता, त्या तहाच्या जागी शेंगदाण्याचा रिकामा कागद. तो शेळीनं खाल्ला. तुम्ही जराही न अडखळता म्हणालात, "बघ, किल्लेदार तह मानत नव्हता, तो असा." मग दरवाज्यातला गोंधळ, आत शिरलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांचा मृत्यू, शिबंदीची कत्तल आणि मामाला फाशी. बाटली तुम्ही बाभळीला टांगलीत. निघताना ती तिथंच राहिली. नवी होती.

शाळा सुरू झाल्यावर ओजसनं वर्गात सुट्टीत काय केलं ते सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला चार दिवसांनी कळलं, बाईंची चिठ्ठी आली तेव्हा. चिठ्ठी सूनबाईच्या नावानं होती. तुमच्या भावाबद्दल समजलं, फार वाईट वाटलं, ओजसला मन मोकळं करायचं असेल तर शाळेत व्यवस्था आहे. मामा म्हणजे आईचा भाऊ, हे त्यानं वर्गाला नीट समजावून सांगितलं होतं. त्याला इंग्रजांनी फाशी दिली, हेही. साल तेवढं राहिलं.

सूनबाईनं आधी सांगलीला फोन लावला. भाऊ जेवत होता. मग मी शाळेत गेलो. 1818 म्हटल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडला, पण लगेच चेहरा पुन्हा गंभीर झाला, कारण फाशी तर खरीच होती. मी म्हटलं, तुमच्या पार्लमेंटालाही ती खटकली होती. 1819 साली त्या युद्धाबद्दल आभाराचा ठराव झाला, तेव्हा थाळनेरच्या फाशीला ही संमती समजू नये असं बजावलं होतं. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. आपल्या गावाकडचं काही इथं कुणी वहीत लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एक अडचण उरलीय. या आठवड्यात ओजसला शाळेसाठी घराण्याचा वृक्ष काढायचा होता. काढलाय सुरेख. तुम्ही, आई, बापूकाका, सगळे आहात. सांगलीच्या मामाशेजारच्या फांदीवर तुळशीराममामाही आहे, हातात पाण्याची बाटली घेऊन. पेनानं काढलाय, खोडलं तर कागद फाटेल. सांगलीची हरकत नाही. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा, सोमवारी द्यायचाय.

तुमचा,
राजू

ता. क. फोन केलात तरी चालेल. बिल येत नाही.