दोन समुद्रांच्या मधोमध

आमच्या लोहारा गावातून सरळ रेषा ओढली, तर पश्चिमेचा अरबी समुद्र आणि आग्नेयेचा बंगालचा उपसागर जवळजवळ सारखेच लांब पडतात. दोन्ही ५५० किलोमीटरच्या आसपास. कुणीही पक्षपात केलेला नाही. दोघांनीही आम्हाला समसमान टाळले आहे. अशा गावात निवृत्तीनंतर जलरंगात समुद्रकिनारा शिकायला बसलो, म्हणजे शेजाऱ्यांची करमणूक होणारच. "भाऊ, नळाले पानी नाही, अन् तुमच्या कागदावर समुद्र वाहून राह्यला!"

धीर दिला तो आयवाझोव्स्कीने (१८१७–१९००). या रशियन चित्रकाराने हजारो समुद्रचित्रे केली, ती बहुतेक खोलीत बसून, आठवणीतून. आपल्या एलिमेंटरी परीक्षेतले 'स्मरणचित्र'च म्हणा ना. फरक इतकाच, की त्याच्या गावाला समुद्र होता, आमच्या गावाला एमआयडीसी आहे.

शिकू लागले की उमगते, किनाऱ्याच्या चित्रात पाणी थोडे आणि हवाच फार. दूरची टेकडी फिकट, निळसर, कडा विरलेली. जवळची होडी गडद. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळली की दमट हवेचा करडा रंग मिळतो. तो ओल्या कागदावर सोडून क्षितिज विरघळू द्यायचे. पण वैशाखातल्या लोहाऱ्यात कागद दोन्ही अंगांनी भिजवून काचेवर ठेवला, तरी आकाश क्षितिजाला टेकायच्या आत वाळून मोकळे होते. म्हणून आमचा समुद्र पहाटेच भरतो.

माणसांचा नियम मोठा गमतीचा. सपाट वाळूवर उभे राहून पाहिले, तर आपल्या उंचीच्या सगळ्यांचे डोळे क्षितिजरेषेवरच येतात, माणूस जवळ असो की लांब. लांबचा माणूस लहान होतो तो पायांकडून. हे ताडून पाहायला समुद्र लागत नाही, पऱ्हाटीचे सपाट वावर पुरते. मार्गशीर्षातल्या धुक्यात कापूस वेचणाऱ्या बाया पाहाव्यात: मागच्या नुसत्या निळसर सावल्या, पुढचीच्या लुगड्याचा लाल रंग ठसठशीत. वाकली की क्षितिजाखाली, कंबर सरळ करायला उभी राहिली की पुन्हा रेषेवर.

माझ्या किनाऱ्यावर मी त्यांनाच उतरवले, कमरेच्या ओटीसकट. पुण्याच्या भाच्याने चित्र निरखून विचारले, "मामा, या शिंपले वेचतायत का?"

"हो," म्हटले. "शिंपल्यांचा निदान भाव तरी पडत नाही."