बेटावरचे मिस्टर

गिली आयरच्या धक्क्यावर उतरलं की तासाभरात मिस्टर भेटतातच. त्यांना शोधावं लागत नाही. आपण कुठल्याशा पडवीत बसून "काय सुरेख जागा आहे!" म्हणायचा अवकाश, शेजारच्या टेबलाची खुर्ची सरकते. लोंबोकच्या वायव्येला त्रावांगन, मेनो आणि आयर ही तीन चिमुकली बेटं आहेत. मोटारगाड्यांना बंदी, वाहनं म्हणजे सायकली, विजेच्या स्कूटरी आणि 'चिदोमो' नावाचे घुंगरं वाजवत जाणारे टांगे. आयरला पायी प्रदक्षिणा घालायला फार तर दीड तास. एवढ्याशा जागेत माणूस लपणार तरी कुठे? आणि मिस्टरांना लपायचंही नसतं.

ओळखायची खूण सोपी. अंगात विटका बनियन, पाय अनवाणी आणि काखेत प्लास्टिकची फाइल. नवखा पाहुणा हातात शहाळं घेऊन हिंडतो. मुरलेला फाइल घेऊन.

गोरा पुरुष इथे सरसकट 'मिस्टर'. माझ्या ओळखीचे मिस्टर मूळचे रॉटरडॅमचे. सुट्टीत आले, पाण्यात बुडी मारली, कासव पाहिलं आणि वर आल्या आल्या जमिनीचा भाव विचारला. कासव बघून माणसाला जमीन का सुचावी, हे मला आजवर उलगडलेलं नाही. पण बेटावरच्या बहुतेक मिस्टरांचा क्रम हाच.

भाव कळला, तो परवडतही होता. अडचण कायद्याची निघाली. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यात 'हाक मिलिक', म्हणजे पक्की मालकी, परदेशी माणसाला मिळत नाही. त्याने वापराचा हक्क घ्यावा नाहीतर भाडेपट्टा करावा. कंपनी काढायची तर दहा अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी. आपल्या हिशेबात ते पाच कोटींच्या पुढे जातात. दहा अब्ज म्हटल्यावर नवखा पांढरा पडतो. त्याचा चेहरा बघण्यासाठीच मिस्टर हा आकडा आधी सांगतात आणि भागाकार मागाहून करतात.

मग तरुणपणी मिस्टरांनी पळवाट काढली. जमीन एका स्थानिकाच्या नावावर घ्यायची आणि त्याच्याकडून कर्जाचा कागद, मुखत्यारपत्र, भाडेकरार असं सगळं लिहून घ्यायचं. कोकणात जमीन घेण्यासाठी पुण्यामुंबईचा माणूस कागदोपत्री शेतकरी कसा होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटायचं नाही. फरक एवढाच की आपला माणूस निदान स्वतः शेतकरी होतो. मिस्टरांनी रोज संध्याकाळी आपल्याला तळलेले मासे आणून देणाऱ्या वेटरला जमीनदार केलं. वर्षभरात वेटरचं लग्न ठरलं. सासऱ्याने जमिनीचं प्रमाणपत्र पाहूनच मुलगी दिली होती. आता जावयाने तळलेले मासे वाढायचे हे सासऱ्याला कसं रुचावं? जमीनदाराने नोकरी सोडली. मिस्टर कोर्टात जायला निघाले, तेव्हा नोटरीने शांतपणे कायद्याचं 26 वं कलम उघडून समोर ठेवलं : असा व्यवहार मुळातच रद्द आणि जमीन सरकारजमा. म्हणजे हरले तर जमीन वेटरची, जिंकले तर सरकारची. वेटरच्या मुलाच्या बारशाला मिस्टर चांदीचा वाळा घेऊन गेले. जमीन गेली म्हणून संबंध कशाला बिघडवा!

दुसऱ्या खेपेला रीतसर भाडेपट्टा. चार आर जागा, पंचवीस वर्षांची मुदत आणि सगळं भाडं आगाऊ रोख. सहा हजार रुपियांचा मुद्रांक चिकटवून त्याच्यावरून अर्धी आत, अर्धी बाहेर अशी सही ठोकताना मिस्टरांचा जो फोटो आहे तो फाइलमध्ये सगळ्यात वर असतो. बेटावरचे स्थानिक लोक बहुतेक मुसलमान. मालक तेव्हा चाळिशीतले. त्यांनी त्या पैशांतून पहिलं काम केलं ते हजसाठी नाव नोंदवायचं. लोंबोककडे हजची प्रतीक्षायादी पंचवीस वर्षांच्याही पुढे जाते. मालकांनी मनाशी हिशेब मांडला : मिस्टर जातील आणि नंबर लागेल, साधारण एकाच सुमाराला. उरलेल्या पैशांतून त्यांनी शेजारीच चार खोल्यांचं होमस्टे बांधलं. तिथला दर मिस्टरांच्या बंगल्यापेक्षा कमी आहे आणि नाश्त्याला केळ्याचं धिरडं फुकट.

मिस्टरांना खरी बोच निराळीच. त्यांच्या देशाने 1894 साली तोफा आणून अख्खं लोंबोक घेतलं, राजाचा खजिना गलबतांत भरून नेला. तेव्हा ना मुद्रांक लागला ना नोटरी. पणजोबांच्या पिढीला बेटंच्या बेटं फुकट आणि पणतवाला चार आरसाठी फाइल! 2023 मध्ये हॉलंडने त्या खजिन्यातल्या शेकडो वस्तू इंडोनेशियाला परत केल्या, त्या दिवशी मिस्टर फार अस्वस्थ होते. परत करायची पद्धत सुरू झालीच आहे, तर आपल्या पहिल्या जमिनीचे पैसेही परत यावेत, असं त्यांनी गावप्रमुखांना बोलून दाखवलं. गावप्रमुखांनी चहा मागवला.

बंगला बांधण्याची कथा मिस्टर तीन बैठकांत सांगतात. तात्पर्य एवढंच की वीट असो, वाळू असो की सिमेंट, सगळं बांगसालच्या बंदरावरून होडीत चढतं, इकडे गुडघाभर पाण्यात खांद्यावरून उतरतं आणि चिदोमोत बसून दारी येतं. प्रत्येक टप्प्यावर पैसे. छपराला अलांग-अलांग नावाचं गवत. दिसतं झकास, पण काही पावसाळे गेले की पुन्हा नवं घालायचं. नळाला मचूळ पाणी, त्यामुळे साबणाला फेस येत नाही. मिस्टर त्याला 'नैसर्गिक राहणी' म्हणतात आणि खोलीचं भाडं वाढवतात.

5 ऑगस्ट 2018 च्या रात्री 6.9 तीव्रतेच्या भूकंपाने लोंबोक हादरलं, पाचशेच्या वर माणसं गेली. पाहुण्यांनी मिळेल ती होडी धरली, मिस्टरही गेले. काही आठवड्यांनी परतले ते फाइल शोधायला. बंगला एका अंगाला कलला होता, मालकांचं स्वतःचं घर भुईसपाट झालं होतं आणि फाइल मालकीणबाईंनी ताडपत्रीखाली तांदळाच्या पोत्यामागे जपून ठेवली होती. एवढी एकच गोष्ट मिस्टर थोडक्यात सांगतात.

त्यांचा खरा धंदा खोल्या देण्याचा नाही, सल्ला देण्याचा आहे. परवा बर्लिनहून एक जोडपं आलं होतं. त्यांना मिस्टरांनी दोन तास बसवून ठेवलं. दुसऱ्याच्या नावावर जमीन घ्यायच्या फंदात पडू नका. राहण्याचा परवाना संपायच्या महिनाभर आधी हलायला लागा. इथल्या मुलीशी लग्न करायचं असेल तर आधी मालमत्तेचा करार करायला नोटरीकडे जा, मग काझीकडे. ("आमचं लग्न झालंय," असं ती जर्मन बाई दोनदा म्हणाली.) थोडक्यात, इथे पैसे घालायचेच नाहीत. जोडप्याला ते पटलं आणि ते उठायला लागलं, तसा मिस्टरांनी आवाज खाली आणला.

"तशी माझ्या पट्ट्याची नऊ वर्षं शिल्लक आहेत. तुम्ही माणसं चांगली दिसता म्हणून सांगतो."

जोडप्याने बंगला पाहायचं कबूल केलं. मिस्टर लगबगीने कारागिराला बोलवायला निघाले. छपराला दोन ठिकाणी भोकं पडली होती, ती तात्पुरती बुजवून भागेल असा त्यांचा बेत. मालक कुंपणापाशी कोंबड्यांना दाणे टाकत होते. मुदत संपली की जागा आणि तिच्यावर उभं असलेलं सगळं त्यांचंच, हे त्या मुद्रांकाखाली स्वच्छ लिहिलेलं आहे.

"पूर्णच नवं घाला, मिस्टर," ते म्हणाले. "आणि गवत चांगलं आणा. पैशाकडे बघू नका."