उस्मानाबादी

शब्दकोशात ‘कॉर्निश’ शोधायला जावं तर एका शब्दाच्या ओसरीवर अख्खं गाव बसलेलं दिसतं. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे; तिथली माणसं कॉर्निश, त्यांची भाषा कॉर्निश, खाणकामगार बरोबर नेत ती मांस-बटाट्याची जाडजूड करंजी कॉर्निश, आणि शेवटी पंख झटकत आलेली एक कोंबडीही कॉर्निशच. ती भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची बाई म्हणून डॉली पेंट्रीथचं नाव घेतात. मासे विकायची, १७७७ साली गेली. पुढे विसाव्या शतकात लोकांनी जुन्या पोथ्या उघडून भाषा पुन्हा जिभेवर आणली. मधल्या काळात कोंबडीचं मात्र काही अडलं नाही.

या कोंबडीचे पूर्वज आपल्याकडचे, असील जातीचे. म्हणून खुद्द इंग्लंडात तिला ‘इंडियन गेम’ म्हणतात. तिचं रक्त देशोदेशी फिरून ब्रॉयलरमध्ये उतरलं आणि आमच्या चौकातल्या पाटीवर तिची ‘बॉयलर’ झाली. आजी तिला चुलीपाशी येऊ देत नसे. ‘परकी हाय ती,’ म्हणायची. बिचारी एवढा वळसा घालून माहेरी आली होती, हे आजीला कुणी सांगितलंच नाही.

आमच्याकडेही असा एक शब्द आहे. सातव्या निजामाच्या नावावरून शहर उस्मानाबाद झालं, तरी डोंगरातली लेणी धाराशिवचीच राहिली. २०२३ मध्ये शहर पुन्हा धाराशिव झालं, तेव्हा उस्मानाबाद जाऊन शेळीच्या अंगाला चिकटलं. आहेरात आलेल्या पातेल्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. देणारा जातो, घरं वाटली जातात, पण आमटी ढवळून झाली की ते नाव पुन्हा वर येतं, तसं. कर्नालला होणाऱ्या पशुजातींच्या राष्ट्रीय नोंदीत ही जात ‘उस्मानाबादी’ आहे आणि बाजारातही. कुळकुळीत काळा रंग, लोंबते कान, एका वेताला बहुधा दोन करडं. एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं, मग तो कोण सोडेल?

परवा आठवडी बाजारात एक म्हातारबुवा दोरी धरून उभे होते. ‘पाव्हनं, अस्सल उस्मानाबादी हाय.’

मी जरा चेष्टेनं म्हटलं, ‘मामा, आता धाराशिवी म्हणायला पाहिजे की.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेळीकडे. ‘उस्मानाबादी गिऱ्हाइकाला सांगायचं, ओ. घरी आमी हिला सोनी म्हनतो.’

रात्रीसारखी काळी ती. पण ‘सोनी’ ऐकल्याबरोबर तिचा डावा कान हलला आणि तिनं मान वळवून त्यांच्या धोतराला नाक लावलं. म्हातारबुवांनी दोरीचा एक वेढा हाताला आणखी घेतला. मी किंमत विचारली. ते त्यांना ऐकूच आलं नाही.