दारातला पक्षी

पेडण्याला जायचं, पण समुद्रकिनारी राहायचं नाही, हे लेखकमहाशयांनी ठाण्यातच जाहीर केलं होतं. हरमलची गर्दी इतरांना लखलाभ. आपण शांततेचे भोक्ते! म्हणून गावाबाहेरच्या एका नव्या वसाहतीत त्यांनी चार दिवसांसाठी सर्व्हिस अपार्टमेंट घेतलं. एकट्यासाठी दोन खोल्या, शेगडी, वॉशिंग मशीन आणि दाराला किल्लीऐवजी आकडे दाबायचं कुलूप. किल्ल्या हरवण्याचा तीस वर्षांचा अनुभव गाठीशी असल्याने कुलूप त्यांना विशेष आवडलं.

शांतता खरीच होती. मोपाच्या मनोहर विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमानं उडू लागली आणि तालुक्यातल्या जमिनीला पंख फुटले. या इमारतीतले फ्लॅटही मुंबई-दिल्लीकरांनी घेऊन ठेवलेले. मालक येणार नाताळात.

शिवाय पक्षी होता. महाशय दारात येऊन आकडे दाबत, तोच तीन बारीक शिट्ट्या ऐकू येत. जिन्यालगतच्या काजूवर शिंपी असावा, अशी त्यांनी वहीत नोंद केली. 'मला ओळखतो,' असं रात्री फोनवर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाऊन त्यांनी सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ. मये तलाव टॅक्सीतूनच पाहिला, कारण ऊन होतं. परतल्यावर पक्ष्याने स्वागत केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला. पोय म्हणजे कोंड्याच्या पिठाची, आतून पोकळ, फुगलेली भाकरीच. ती गरम असतानाच खावी. महाशय बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीत धावले. मागे दार आपोआप लागलं.

पैसे फोनात आणि फोन घरात! "फाल्यां दियात," म्हणत पोदेराने दोन पोया हातात ठेवल्या आणि तो निघूनही गेला. महाशयांनी वर येऊन आकडे दाबले. शिट्टी नाही. दिवा नाही. पुन्हा दाबले, उलटे दाबले, शेवटी लग्नाची तारीखही दाबून पाहिली.

मग त्यांनी मजल्यावरची दारं वाजवली. खाली जाऊन खालची वाजवली. कोणी नाही. माणसं घरं घेतात आणि राहतात भलतीकडेच, म्हणून ते जाम चिडले. मग आपणही इथले चारच दिवसांचे, हे आठवून गप्प बसले. सावंतवाडीच्या सावंतांनी 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांच्या हवाली केलं, पण निदान अंगभर कपड्यांनिशी.

कुंपणापलीकडे एक जुनं कौलारू घर होतं. तुळशीपाशी म्हातारी उभी. तिने बनियनकडे पाहिलं नाही, चड्डीकडे पाहिलं नाही, पोयांकडे पाहिलं आणि म्हणाली, "येयात, च्या घेयात." आधी चहा आला, मग खांद्यावर टाकायला टॉवेल, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न. कितीतरी वर्षांत कोणी महाशयांना या क्रमाने वागवलं नव्हतं. त्यांना एकदम आईची आठवण झाली आणि पोय घशात अडकली.

म्हातारीचा मुलगा वायरमन. त्याने फाटकावरच्या पाटीवरून केअरटेकरचा नंबर लावला. पलीकडून निदान झालं: कुलपाची बॅटरी संपली. दोन दिवस दार उघडताना ते शिट्ट्या वाजवत असणार, पाहुण्यांनी ऐकल्या नाहीत का?

महाशय काजूच्या झाडाकडे पाहत राहिले.

कुलपाखाली दोन बारीक टिकल्या असतात; तिथे नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली की ते तेवढ्यापुरतं जागं होतं. वायरमनने आपलं मल्टिमीटर उघडून नेमकी तीच बॅटरी काढली, टिकल्यांना धरली. महाशयांनी आकडे दाबले. दार उघडलं. पैसे विचारले तर तो हसला. पोदेराचे पैसे मात्र म्हातारीने ठेवून घेतले, उद्या द्यायला.

दुपारी केअरटेकरने नव्या बॅटऱ्या घातल्या. रात्री बायकोने फोनवर विचारलं, "आज गायला का तुमचा पक्षी?"

"स्थलांतर केलं त्याने," महाशय म्हणाले.