भोकरदनला बदली झालीय? मग हे वाचाच
(नवशिक्यांसाठी चार सोपे पाठ)

बदलीचा आदेश हाती पडल्यावर तुम्ही आधी नकाशात रेल्वेची रेघ शोधली असेल. ती नाही. जालन्याला उतरा आणि एसटी धरा. वाटेत राजूर लागलं की गाडीतली निम्मी माणसं बसल्याजागी गणपतीला हात जोडतात. तुम्हीही जोडा. मात्र रुजू व्हायला अंगारकी निवडू नका. त्या दिवशी रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो.

पाठ पहिला : ओळख देणे
चहाच्या हाटेलात टेकलात की प्रश्न येईल, "पाव्हणं, कोण्या गावचे?" "पुण्याचा" हे उत्तर बाद. पुणे हे गाव नव्हे, नोकरीचं ठिकाण. मूळ गाव, तालुका, मामाचं गाव, बायकोचं माहेर, या क्रमाने सांगत जा. माहेरापर्यंत पोचायच्या आत समोरच्याचा साडू तुमच्या चुलत्याच्या ओळखीचा निघतो. त्यानंतर चहाच्या पैशांसाठी खिशात हात घालू नये, राग येतो.

पाठ दुसरा : वाट शोधणे
या विषयातला सर्वांत हुशार विद्यार्थी डब्लिनचा होता. नाव आर्थर वेलस्ली, इंग्रजी फौजेचा सेनापती, वय 34. वॉटर्लूच्या लढाईने त्याचं नाव व्हायला अजून अवकाश होता. 23 सप्टेंबर 1803 रोजी भोकरदनच्या बाजूला, असईजवळ, केळणेच्या पलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. नदीला उतार कुठे, असं त्याने वाटाड्यांना विचारलं. ते म्हणाले, इकडे उतारच नाही. वेलस्लीने स्वतः पुढे जाऊन पाहिलं, तर एका काठावर पिंपळगाव आणि समोरच्या काठावर वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलेली असताना त्यांच्यात येणंजाणं नाही, हे त्याला पटेना. उतार सापडला. पुढे काय झालं ते इतिहासात आहे आणि आपल्याला फारसं सुखाचं नाही. आपण फक्त धडा घ्यायचा : रस्ता दिसेना झाला तर मोबाइल ठेवा आणि गावं बघा. सोयरीक असते तिथे वाट असतेच.

पाठ तिसरा : मिरची
तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेलं आहे. पहिल्या भेटीत पुढील नियम पाळा. रुमाल न्या. पोत्यात हात घातलात तर तो हात डोळ्यांपाशी नेऊ नका. साबणाने धुतलात तरी नेऊ नका. शिंका येतील त्या येऊ द्या, कोणी वळूनसुद्धा बघणार नाही. "आज काय भाव निघाला?" हा इथला नमस्कार समजावा. भाव पडल्याचं कळलं तर "वा, स्वस्त झाली!" असं चुकूनही म्हणू नका. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं डोक्यात मांडत बसलेला शेतकरी शेजारीच असतो. अशा वेळी "अवघड आहे" एवढंच म्हणून गप्प राहावं.

पाठ चौथा : गावाला लहान न म्हणणे
पहिल्या आठवड्यात घरी फोन करून "इथे काहीच नाही हो" असं सांगायचा मोह होईल. आवरा. हे प्राचीन भोगवर्धन. इथल्या माणसांनी दिलेल्या दानांचे लेख सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर कोरलेले आहेत. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेत पॉम्पेई गाडलं गेलं. तिथल्या एका घरात 1938 साली वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आता गंमत बघा. जगभरच्या विद्वानांनीही तिला तोच प्रश्न केला : बाई, कोण्या गावच्या? आधी उत्तर दिलं गेलं, मथुरेच्या. मग 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं आणि इथे तिच्याच वळणाची हस्तिदंती मूर्ती निघाली. तेव्हापासून अनेक अभ्यासक तिचं माहेर भोकरदन मानतात.

तेव्हा हाटेलातल्या त्या प्रश्नाला हसू नका. तुमचं मूळ गाव, तालुका आणि मामाचं गाव पाठ करूनच एसटीत बसा.